लाखोरी : दाणा, दुष्काळ आणि मज्जासंस्था

झाडीबोलीत 'ळ' नाही, तिथे 'र' येतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत जी लाखोळी आहे ती ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आरमोरी, वडसा या पट्ट्यात लाखोरी होते. वैनगंगा ओलांडून पूर्वेला छत्तीसगडात गेले की तिचा तिवरा होतो, उत्तर भारतात खेसारी, सरकारी नियमांत 'केसरी डाळ' आणि वनस्पतिशास्त्रात लॅथिरस सॅटायव्हस. एका दाण्याला इतकी नावे असणे नवलाचे नाही. नवल याचे की या दाण्याच्या नावावर एक आजारही आहे, आणि त्या आजाराच्या शोधातून निघालेली वाट पुढे स्मृतिभ्रंशाच्या संशोधनापर्यंत जाऊन पोहोचते. धानाच्या बांधीतून निघालेली ही वाट नीट पाहण्यासारखी आहे.

चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली हा मुलूख धानाचा. (गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, त्याआधीचा सारा इतिहास चांदा जिल्ह्याचा म्हणूनच वाचावा लागतो.) पावसाच्या आणि मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान होते. ते कापणीला येण्याच्या सुमारास, जमिनीत ओल असताना, उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकून देतात. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापले की खालून लाखोरीचे हिरवे वेल वर येतात, निळसर फुले धरतात आणि उन्हाळा लागण्याआधी दाणा देऊन मोकळे होतात. बांधीत पाणी साचले तरी हे पीक तगते आणि पुढे पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी तगते. दाण्यात शेकडा २५ ते ३० प्रथिने, वेलांचा चारा, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वरण होते आणि वडे तर होतातच. ज्याच्याकडे विहीर नाही, बैलजोडी उसनी आहे, त्याच्यासाठी याहून स्वस्त दुसरे पीक निसर्गाने दिलेले नाही.

आणि नेमकी तीच गोष्ट घातक ठरली. जे पीक कशानेही मरत नाही ते बाकी सगळी पिके मेल्यावर एकटे उरते.

याची भारतातील सर्वांत ठसठशीत नोंद एका इंग्रज अधिकाऱ्याने केली आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला विल्यम स्लीमन सागर-नर्मदा मुलखात होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत तो सागरकडच्या एका गावाची हकीगत सांगतो. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारा तिवरा मात्र उत्तम आला. एरवी गुरांना घालायचा तो दाणा लोकांनी खाल्ला, त्यावरच दिवस काढले. १८३३ पासून गावातली तिशीच्या आतली मुले-माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. बहुधा एकाएकी. गावातील निम्म्या तरुणांना हे झाले, असे स्लीमन लिहितो. तो वैद्य नव्हता, पण कारण आणि परिणाम यांची सांगड त्याने अचूक घातली होती, आणि ती गावकऱ्यांच्या तोंडून ऐकूनच घातली असणार.

पुढे अलाहाबाद जिल्ह्यात जेम्स आयर्व्हिंग या डॉक्टरने १८६० च्या आसपास गावोगावची मोजणी केली. मध्य प्रांतात, म्हणजे चांदा जिल्हा ज्याचा भाग होता त्या प्रांतात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. त्यांच्या मागोमाग लुळेपणाची लाट आली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू ब्युकॅनन याने १८९६ ते १९०२ या वर्षांतील या आजारावर अहवाल लिहिला आणि तो १९०४ साली नागपुरात छापला गेला. मराठी मुलखाच्या एका मोठ्या शहरातून निघालेला मज्जासंस्थेच्या आजारावरचा हा बहुधा पहिलाच सविस्तर ग्रंथ. आपल्या वैद्यकीय इतिहासात त्याचा उल्लेख जवळजवळ होत नाही, हे खटकते.

आजाराला 'लॅथिरिझम' हे नाव मात्र नेपल्सच्या कांतानी या वैद्याने १८७३ साली दिले होते. म्हणजे हा काही हिंदुस्थानी आजार नव्हे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत दुष्काळात सतत कडधान्ये खाऊन पायांनी अधू झालेल्या स्त्रीपुरुषांचा उल्लेख आहे. जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली या पिठाची भाकरी करण्यावर बंदी घातली. गोयाने माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळावर काढलेल्या चित्रमालिकेत एक चित्र याच दाण्याच्या नावे आहे. त्यात लोक अन्नासाठी हात पसरून उभे आहेत आणि एक बाई जमिनीवर आडवी पडली आहे. आणि १९४२-४३ च्या हिवाळ्यात, रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना गुरांची ही डाळ खाऊ घातली गेली तेव्हा शेकडो कैदी अधू झाले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला आणि डाळ खाणे थांबवण्यासाठी कैद्यांनी लढा दिला. या साऱ्या नोंदी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते: जिथे माणसाला निवड होती तिथे हा आजार झालेला दिसत नाही.

आजाराचे रूप सांगायला हवे. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात, गुडघे वाकत नाहीत. चालताना टाच टेकत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. भारतीय डॉक्टरांनी याच्या पायऱ्या काठीवरून ठरवल्या: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. वैद्यकातले इतके उघडेवाघडे वर्गीकरण दुसरे क्वचितच असेल. हात शाबूत राहतात, बोलणे शाबूत राहते. बुद्धी आणि स्मरण तर पूर्ण शाबूत. डाळ बंद केली की बहुतेकांचा आजार आणखी वाढत नाही, पण गेलेले पायही परत येत नाहीत. बायकांपेक्षा पुरुषांत, आणि त्यातही अंगमेहनत करणाऱ्या तरुणांत प्रमाण अधिक. म्हणजे घरातला कमावता माणूस पंचविशीत काठीवर येतो आणि पुढची चाळीस वर्षे सारे काही समजत-उमजत बसून राहतो.

मेंदूच्या वरच्या थरातून निघालेले, पाठीच्या कण्यातून थेट कमरेपर्यंत जाणारे जे लांबलचक मज्जातंतू आहेत, त्यांचा हा ऱ्हास आहे. जेवढा तंतू लांब, तेवढा तो आधी मरतो. म्हणून पाय जातात आणि हात राहतात.

पण मारते कोण? हे कळायला १९६४ साल उजाडावे लागले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी आणि त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनी, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे, लाखोरीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याचे नाव लांबलचक आहे; संक्षेपाने त्याला ओडॅप म्हणतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांना ते टोचले की त्यांना झटके येत. मोठ्या वयाच्या प्राण्यांना मात्र काही होत नसे, त्यामुळे हाच गुन्हेगार की नाही याचा वाद पुढे वीस वर्षे चालला. १९८६ साली पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा ओडॅपवरचा संशय बराच पक्का झाला.

ओडॅपची युक्ती साधी आहे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट नावाचे रसायन वापरतात. ओडॅपची घडण ग्लुटामेटसारखी. ते ग्लुटामेटच्या कुलपात किल्लीसारखे बसते आणि निघता निघत नाही. पेशी सतत उत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियम भरत जाते आणि ती स्वतःच्याच धावपळीने मरते. बाहेरचे विष पेशीला जाळत नाही, पेशीला विसावू देत नाही. आज अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे मेमँटिन आणि चेतापेशींच्या दुसऱ्या एका असाध्य आजारात दिले जाणारे रिलुझोल, ही दोन्ही औषधे ग्लुटामेटच्याच अतिरेकाला आवर घालण्याच्या कल्पनेवर उभी आहेत. ती लाखोरीतून निघाली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण अन्नातील एखादे साधे अमिनो आम्ल माणसाच्या चेतापेशी निवडून-निवडून मारू शकते, याचा मनुष्यजातीतला सर्वांत स्वच्छ पुरावा लाखोरीने दिला आहे.

स्मृतिभ्रंशाशी तिचा धागा याहून थेट जुळतो तो प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर. १९५० च्या दशकात तिथल्या चामोरो लोकांत एक विचित्र आजार आढळला. कोणाचे स्नायू झडत, कोणाला कंपवात होई, कोणाची स्मृती आणि समज जाई. पुष्कळदा हे सारे एकाच माणसात किंवा एकाच घरात. जगात इतरत्र असते त्याच्या कितीतरी पटीने. मार्जरी व्हायटिंग या आहारतज्ज्ञ बाईंनी तिथल्या लोकांचे जेवण पाहिले आणि सायकॅड झाडाच्या बियांच्या पिठाकडे बोट दाखवले. मग लंडनच्या आर्थर बेल आणि व्हेगा यांनी १९६७ साली त्या बियांतून एक अमिनो आम्ल काढले. ते हाती लागले त्याला कारण लाखोरीच्या कुळातील विषांची त्यांना असलेली ओळख. स्पेन्सर यांनी १९८७ साली ग्वामचा स्मृतिभ्रंश या आम्लाशी जोडला आणि खळबळ उडाली. पुढे त्यावर आक्षेपही आले: पीठ अनेकदा धुतल्यावर त्यात ते आम्ल उरते तरी किती? वाद आजही मिटलेला नाही. तरीही म्हातारपणीचा विसर ही केवळ वयाची किंवा कुळाची गोष्ट नसून तरुणपणी खाल्लेल्या अन्नाचाही त्यात हात असू शकेल, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांची पाठ सोडत नाही. आफ्रिकेतील कोन्झो हा आजार याच घराण्यातला. तो कडू कसावा नीट न भिजवता खाल्ल्याने होतो, आणि 'कोन्झो' या शब्दाचा तिथल्या भाषेतला अर्थ 'बांधलेले पाय' असा आहे.

आता पुन्हा झाडीपट्टीत येऊ, कारण प्रयोगशाळेत शोध लागत होता त्याच वर्षांत सरकारने निकाल देऊन टाकला होता. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ च्या सुमारास केसरी डाळीच्या विक्रीला मनाई करणारे कलम आले. ते लागू करण्याची तारीख प्रत्येक राज्याने ठरवायची होती. महाराष्ट्राने बंदी केली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी दीर्घकाळ केली नाही. कलमाचे शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. बंदी विक्रीवर होती. पेरण्यावर नव्हती, खाण्यावरही नव्हती. म्हणजे झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याने लाखोरी पेरावी, घरी खावी, पण बाजारात नेऊ नये. ज्याच्या पोटात ती जास्त जाण्याची भीती त्याला कायद्याने अडवले नाही. अडवले ते ती विकून दुसरे काही घेण्यापासून. व्यापाऱ्याला मात्र बंदीचा त्रास झाला नाही. चोरट्या भावाने घेतलेली डाळ तुरीत आणि हरभऱ्याच्या बेसनात मिसळून शहरात पोहोचत राहिली, आणि शहरी माणसाने ती न ओळखता भज्यांतून पचवली. त्या भज्यांनी कोणी लुळे झाले नाही, कारण प्रमाण थोडे होते. या आजाराचे सारे गणित प्रमाणाचे आहे.

आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोरी, तीही सलग दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त, तरच धोका उभा राहतो. सोबत भात-ज्वारी असेल तर धान्यातली गंधकयुक्त अमिनो आम्ले बचाव करतात. दाणा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले की बरेचसे विष निघून जाते, पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली अशा सोप्या घरगुती पद्धती प्रसिद्ध केल्या होत्या. पण दुष्काळात पाणीही नसते आणि सरपणही. शिवाय पाण्याचा ताण पडला की खुद्द झाडात ओडॅपचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणसाकडे दुसरे काही नसते नेमके त्याच वर्षी दाणाही अधिक विषारी असतो.

यात मजुरीचा हिशेब मिळवला की चित्र पूर्ण होते. रीवा संस्थानात विसाव्या शतकातही हजारो माणसे अधू झालेली होती. अ‍ॅक्टन यांनी १९२२ साली आणि पुढे गणपती व द्विवेदी यांनी १९६१ साली त्यांचा अभ्यास केला. हे बहुतेक जमीनदाराकडे कर्जात अडकलेले मजूर होते आणि त्यांना मजुरी धान्यात मिळे. ते धान्य मुख्यत्वे खेसारीचे. गहू विकायला, खेसारी वाटायला. आपल्याकडेही सालदाराला धान्यात मजुरी देण्याची रीत जुनी आहे, आणि मालकाने कोणते धान्य मोजून द्यायचे हे सालदार ठरवत नसे.

म्हणूनच माझे मत असे की हा आजार ओसरला त्याचे श्रेय बंदीला देता येत नाही. जिथे बंदी नव्हती त्या छत्तीसगडातही तो ओसरला. तिथे तिवऱ्याचे पीक अमाप राहिले, खाणेही राहिले, पण नवे रुग्ण विरळ होत गेले. मधल्या काळात काय झाले? १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. मजुरी रोखीत आली. माणसाच्या ताटात दुसरा पदार्थ आला आणि लाखोरी पुन्हा डाळीच्या वाटीएवढी झाली. नियमातील कलम मात्र तसेच राहिले.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली, न्यायालयांचे दरवाजे ठोठावले. लाखोरी हे गरिबाचे प्रथिन आहे आणि बंदीने विदर्भातील धानउत्पादक नागवला गेला, हा त्यांचा मुद्दा. पुढे महाराष्ट्र सरकारने राज्यापुरती बंदी उठवली. या वादात दोन्ही बाजूंनी टोके गाठली गेली. डाळीत काहीच दोष नाही, असे म्हणणे स्लीमनच्या गावातल्या मुलांवर अन्याय करणारे आहे. आणि डाळ म्हणजे विष, असे म्हणणे रोज तिचे वरण खाऊन धडधाकट राहिलेल्या पिढ्यांवर.

या संदर्भात मला सर्वांत लक्षणीय वाटते ती एस. एल. एन. राव यांची वाटचाल. १९६४ साली ज्यांनी विष शोधले त्यांनीच पुढे उस्मानिया विद्यापीठात दशकानुदशके त्यावर काम केले आणि उतारवयात लाखोरीच्या बाजूने लेख लिहिले. समतोल आहाराचा भाग म्हणून ती निर्धोक आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच या दाण्यातून होमोआर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल वेगळे केले होते. ते रक्तवाहिन्यांना उपकारक ठरू शकेल याकडे त्यांनी २०११ सालच्या लेखात लक्ष वेधले. चिनी औषधांत रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मुळीतले द्रव्य म्हणजे ओडॅपच आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या शोधाचा समाजाने काढलेला अर्थ चुकीचा आहे, असे आयुष्यभर सांगत राहणारा शास्त्रज्ञ विरळा.

खुद्द विदर्भातील परिस्थितीवर अर्जुन खंडारे आणि सहकाऱ्यांचा लेख २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला. लाखोरी अजूनही खाल्ली जाते, पण आहारातील प्रमाण कमी आहे आणि आजार ओसरलेला आहे, असा त्याचा एकूण रोख. त्याच्या पुढच्याच वर्षी गडचिरोलीतून मेंदूच्या दुसऱ्या आजाराची बातमी आली. 'सर्च' संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली, त्यांतील १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात! आणि पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी पुष्कळांची स्मृती पुढे खालावते. देशभरातील साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळला. झाडीपट्टीतल्या माणसाचे पाय वाचले, तो म्हातारा होईपर्यंत जगू लागला, आणि आता त्याच्या मेंदूपुढचा धोका रक्तदाबाचा आहे.

२०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने लाखोरीच्या रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूलता दाखवली. प्रतीक आणि महातिवरा हे रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे, म्हणजे झाडीपट्टीच्या शेजारचेच. कागदावर हा तोडगा चांगला दिसतो. शेतात मात्र एक अडचण राहते. लाखोरीचे बी शेतकरी विकत घेत नाही, घरचेच राखून फेकतो. निळ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि या बांधीतले पराग त्या बांधीत नेतात. कमी विषाचा वाण गावठी वाणाशेजारी चार-सहा हंगाम राहिला की त्याचा कमीपणा टिकत नाही. म्हणून नवे शुद्ध बी दर काही वर्षांनी, धान कापणीच्या आधी, प्रत्येक गावात पोहोचवावे लागेल. आणि लाखोरीला हमीभाव नसल्याने ते विकत घेण्याची घाई कोणाला असणार नाही.